हवालदाराचं निदान

वाळव्याकडच्या एका ऊसवाल्या घरातली बाई आमच्या रुग्णालयात सर्जिकल वॉर्डात दाखल झाली, तेव्हा तिची तक्रार पोटाची होती. बेंबीच्या वर कळ, उलट्या, अंगाला घाम. सर्जननं पोट तपासलं, सलाईन लावलं, एक्स-रे काढायला सांगितला आणि पित्ताशयाला सूज असावी म्हणून तिला देखरेखीखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाची ताटं गोळा होत असताना, ती गेली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं, हिला झोप लागली. बऱ्याच विनवण्या केल्यावर घरच्यांनी शवविच्छेदनाला होकार दिला. हृदयाच्या खालच्या बाजूचा स्नायू मेलेला निघाला. तिला हार्ट ॲटॅक आला होता आणि आमच्यापैकी कुणाच्या ते मनातही आलं नव्हतं.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मोठा दुष्काळ सरून काही पावसाळे झाले होते. मी एम.डी. होऊन सांगलीतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात नुकती लागले होते. माहेर साताऱ्याचं. वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मुलीनं डॉक्टर व्हावं हे त्यांना पटलं होतं, पण तिनं परक्या गावात एकटीनं खोली करून राहावं हे अजून पचलेलं नव्हतं.

आमच्या मुख्य फिजिशियनना आम्ही सगळे नुसतं ‘सर’ म्हणायचो. त्यांनी दोन वर्षं ट्रस्टींच्या मागे लागून रुग्णालयात एक वेगळी खोली करून घेतली होती. चार खाटा, हृदयाचे ठोके दाखवणारा हिरव्या रेघेचा मॉनिटर, ठोके बिघडले तर शॉक द्यायचं यंत्र, आणि सतत हजर असणारी एक सिस्टर. हार्ट ॲटॅकच्या पेशंटसाठी आसपासच्या भागात अशी सोय तेव्हा फारशी नव्हती. तरी त्या चारातल्या दोन-तीन खाटा बहुतेक वेळा रिकाम्याच असत.

ती बाई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्या डॉक्टरांना बोलावलं. कुणी दोषारोप ऐकायच्या तयारीनं आलं होतं, कुणी उत्तर घेऊन. सर कुणालाच बोलले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “या घटकेला आपल्या रुग्णालयात हार्ट ॲटॅकचे पेशंट किती आहेत?”

“एक आहे, सर,” कुणीतरी सांगितलं.

“तो खोलीत आहे, तो मला दिसतो. जे खोलीत नाहीत ते किती?”

  आम्हाला ठाऊकच नव्हतं.

मग सरांनी मला थांबवून घेतलं. रोज सकाळी मी सगळ्या वॉर्डांतून फिरायचं ठरलं. माझ्या मेडिकलच्या वॉर्डातून, सर्जिकलमधून, बायकांच्या वॉर्डातून, अगदी हाडांच्या आणि डोळ्यांच्या वॉर्डातूनसुद्धा. ज्याच्याबद्दल जराही शंका येईल त्याचा ईसीजी काढायचा. सरांनी तीन गोष्टी ठरवून दिल्या: पेशंट काय सांगतो, ईसीजी काय दाखवतो आणि रक्ताची तपासणी काय म्हणते. या तिन्हीतल्या दोन जुळल्या की त्याला हार्ट ॲटॅक मानायचं आणि खोलीत हलवायचं. “आपल्याला वाटतं म्हणून नाही आणि आपल्याला वाटत नाही म्हणून सोडायचंही नाही,” ते म्हणाले.

मलाच का निवडलं, त्याचं कारण साधं होतं. ईसीजी काढणारा तंत्रज्ञ पुरुष होता. खेड्यातल्या बायका त्याच्यासमोर पोलक्याची गुंडी काढायच्या नाहीत आणि त्यांच्या सासवा काढू द्यायच्या नाहीत. त्यामुळे बायकांचा ईसीजी सहसा निघतच नसे, आणि निघत नसल्यानं त्यांना हार्ट ॲटॅक येत नाही असं सगळ्यांना वाटत असे. मी मशीन चालवायला शिकले. ते एक जड खोकं होतं, ट्रॉलीवर ठेवून ढकलत न्यायचं. विजेचा दाब कमीजास्त झाला की कागदावरची रेघ थरथरायची. मग अर्थिंगसाठी एक वायर नळाला बांधायची आणि पुन्हा सुरुवात करायची. छातीला लावायची जेली थंडगार असे. “बाई, करंट तर न्हाई ना लागायचा?” हे प्रत्येकजण विचारायचा.

पहिले काही दिवस मी सगळीकडं एकच प्रश्न विचारत फिरले, “छातीत दुखतं का?” सगळ्यांचं उत्तर एकच, “न्हाई.” मग बायकांच्या वॉर्डातल्या एका पेशंटनं मला वैतागून सांगितलं, “दुखत न्हाई वो. जड हाय. कुनी पाटा ठेवल्यावानी.” हे जड होणं तिच्या दृष्टीनं दुखणं नव्हतं. दुखणं म्हणजे दाढ, दुखणं म्हणजे बाळंतपण. त्यानंतर मी विचारायचं बदललं. “काय होतंय ते हात ठेवून दाखवा,” असं म्हणायला लागले. काही जण बोटानं एक जागा दाखवायचे. काही जण मूठ वळून छातीच्या मधोमध दाबून धरायचे. मूठ दिसली की मी ट्रॉली पुढं ओढायची.

सर्जनना माझं फिरणं आवडलं नाही. एकदा सगळ्या वॉर्डादेखत ते म्हणाले, “माझ्या खाटांवरून पेशंट उचलून न्यायचं काम दिलंय का तुम्हाला?” मी ट्रॉली पुढच्या खाटेकडं ढकलली. त्यांचा हात उत्तम होता, माणूस वाईट नव्हता, आणि ती ऊसवाल्या घरातली बाई त्यांच्या डोक्यातून गेलेली नव्हती हे मला दिसत होतं. नंतर एकदा त्यांनी आपणहून निरोप पाठवला, “एका पेशंटचं पोट मऊ आहे, दुखणं पोटातलं वाटत नाही आणि घाम फार आहे. येऊन बघून जा.” मी गेले. त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी स्वतः पडदा ओढून घेतला.

हवालदार मला पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात सापडले. चाळिशीचे असतील. काटक बांधा, दाढी गुळगुळीत, पायथ्याशी ब्लँकेटची चौकोनी घडी. मूळ गाव खटावच्या कोरड्या भागातलं. सुट्टीवर आले होते आणि तासगावकडच्या आपल्या सासुरवाडीला एका लग्नासाठी थांबले होते. लग्नाच्या आदल्या दिवशीच्या जेवणावळीनंतर अस्वस्थ वाटलं, ओकारी झाली, म्हणून मेहुण्यांनी जीप करून त्यांना सांगलीला आणलं. दाखल करणाऱ्या डॉक्टरनं लग्नाचं जेवण ऐकलं आणि कागदावर गॅस असं लिहिलं.

“आता कसं वाटतंय?” मी विचारलं.

“एकदम ठीक, साब.” मग स्वतःच हसून दुरुस्त केलं, “बाई.”

“काल काय होत होतं ते हात ठेवून दाखवा.”

त्यांनी मूठ वळली आणि छातीवर ठेवली. ठेवली आणि लगेच काढली, जणू कुणी बघायला नको होतं.

ईसीजी संशयाचा होता. धड बिघडलेला नाही, धड चांगला नाही. मी तसंच त्यांना सांगितलं, “अजून पक्कं नाही. रक्त तपासू, उद्या पुन्हा ईसीजीची पट्टी काढू.” मेहुणे खाटेशेजारी उभे होते. पन्नाशीचे, उंच, डोक्याला तांबडा पटका. ते म्हणाले, “बाई, काय करायचं त्ये करा. लगीन माज्या पोरीचं हाय, पर त्ये हुईल. आमच्या भनीचा मानूस नीट करा.” रक्ताचा अहवाल वाढीव आला. दुसऱ्या पट्टीवर रेघ स्पष्ट बदललेली होती. मी त्यांना खोलीत हलवलं.

त्या काळात हार्ट ॲटॅक ओळखून आम्ही करू शकत होतो ते फार थोडं होतं, हे इथं सांगायला हवं. वेदना थांबवायला मॉर्फिन, प्राणवायू, सक्तीची विश्रांती. रक्ताची गुठळी विरघळवणं, बंद झालेली रक्तवाहिनी फुगवून उघडणं, हे सगळं आमच्यापर्यंत पुढं कितीतरी वर्षांनी आलं. पण ठोके अचानक बिघडून मरणारा माणूस परत आणता येत होता, तोही त्या खोलीत असला तरच. इतर वॉर्डात तो झोपल्यासारखा दिसायचा.

हवालदारांच्या बाबतीत ते दुपारी घडलं, भेटीच्या वेळेत. त्यांची बायको दारापाशी स्टुलावर बसून मोसंबं सोलत होती. मी शेजारच्या खाटेपाशी होते. सिस्टर ओरडली नाही, फक्त “मॅडम” म्हणाली, पण असं म्हणाली की मी वळण्याआधीच पळत सुटले. मॉनिटरवरची रेघ वेडीवाकडी झाली होती. हवालदारांची मान एका बाजूला पडली होती. सिस्टरनं उशी काढून फेकली, मी छाती दाबायला लागले, तिनं यंत्र चार्ज केलं. शॉक दिला तसं त्यांचं अंग खाटेवरून उचललं गेलं आणि खाली आपटलं. रेघ सपाट झाली. एक क्षण सपाटच राहिली. मग एक ठोका आला, मग दुसरा.

काही वेळानं त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडं पाहिलं, सिस्टरकडं पाहिलं, आणि म्हणाले, “च्या आला न्हाई अजून?”

बायको भिंतीला पाठ लावून उभी होती. तिच्या हातात मोसंबं तसंच होतं, पिळून त्याचा रस मनगटावरून खाली ओघळला होता. मी तिला बाहेर नेलं.  तिनं माझं मनगट धरून ठेवलं.

त्यानंतर ते सावरत गेले. आणि एके दिवशी सकाळी मी पट्टी काढत असताना त्यांनी विषय काढला.

“ताई, तुमी साताऱ्याच्या न्हवं? सिस्टर सांगत व्हती, वडील फौजेत व्हते म्हून.”

“हो. सुभेदार होते.”

“मंग तुमास्नी सांगायला नगो.” त्यांनी आवाज खाली आणला. “छुट्टी वाढवायची तर हितला कागूद पलटनीला धाडावा लागंल. त्यात काय ल्हिनार तुमी?”

“जे आहे तेच.”

“त्येच नगा ल्हू. नायब सुभेदारीला नाव गेलंय माजं. परत गेलो की खांद्यावर फूल लागनार. हार्ट ल्ह्यायलं की मेडिकल कॅटेगरी खाली जाती. कॅटेगरी खाली म्हंजे फूल गेलं. एवढी वर्सं त्याच्याच मागं हाय मी. गॅस ल्ह्या. जेवनातनं बाधा झाली आसं ल्ह्या. पयल्या दिशी तुमीच म्हनला व्हता, पक्कं न्हाई.”

“पहिल्या दिवशी पक्कं नव्हतं. आता आहे.”

“कशावरनं?”

मी त्यांना सांगायचं ठरवलं. “त्या दिवशी दुपारी काय झालं ते आठवतं का तुम्हाला?”

“काय झालं? डोळा लागला व्हता.”

“तुमचं हृदय थांबलं होतं. यंत्रानं शॉक देऊन ते पुन्हा चालू केलं.”

ते माझ्याकडं बघत राहिले. मी थट्टा करते आहे की काय, असं त्यांना वाटलं असावं. “ताई, काळीज थांबल्यावर मानूस उठून च्या मागतो व्हय?”

 ज्या गोष्टीमुळे ते जिवंत होते तिची त्यांच्यापाशी काहीही आठवण नव्हती. छातीवर एक भाजल्यासारखा चट्टा होता, तो त्यांनी जेलीमुळे आलेला समजला होता.

“एकाहत्तरच्या लढाईत व्हतो मी,” ते छताकडं बघत म्हणाले. “खरचटलं न्हाई कुठं. गोळी लागली आसती तर गावात सांगता तरी आलं आसतं. आता काय सांगू? लगनात जेवलो आन् फौज सुटली?”

मी त्यांच्या बायकोशी बोलले. व्हरांड्याच्या टोकाला ती धुतलेलं लुगडं पिळत होती. “बाई, त्यांचं आयकू नगा,” ती म्हणाली. “म्या बगितलंय त्या दिशी. त्यांचं त्वांड त्यांचं ऱ्हायलं नव्हतं. परक्या मान्साचं झालं व्हतं.” मग लुगडं पिळता पिळता थांबली. “पर ल्ह्यायच्या आदी त्यांस्नी सांगा. माज्यासाटी ल्ह्यायलं आसं वाटलं तर जलमभर माज्याशी बोलायचं न्हाईत.”

मी सरांकडं गेले. माझी अपेक्षा होती की ते एका वाक्यात काम संपवतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “छातीत दुखणं, तपासणी चालू, असं मोघम लिहिता येतं. पुष्कळ लोक लिहितात.”

“मग तसं लिहू?”

“सही तुझी आहे. तू ठरव.” चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून म्हणाले, “आपण यांना शोधत फिरतो ते बरे व्हावेत म्हणून. पण शोधल्यावर त्यांचं आणखी काय काय होतं, ते आपल्या खोलीत दिसत नाही.”

मी दोन रात्री नीट झोपले नाही. मोघम लिहिलं तर ते पलटणीत परत जाणार. सकाळी धावणार, पाठीवर वजन घेऊन चढणार, कुठल्यातरी उंच चौकीवर तैनात होणार. तिथं हिरवी रेघ नाही, शॉकचं यंत्र नाही, हाक मारणारी सिस्टर नाही. आणि पूर्ण लिहिलं तर ज्या खांद्यासाठी त्यांनी अर्धं आयुष्य घातलं तो खांदा रिकामा राहणार, आणि ते मी माझ्या पेननं करणार. त्यांना जगायचं होतं यात शंका नव्हती. आपण मरू शकतो, एवढंच त्यांना पटत नव्हतं.

मी पूर्ण लिहिलं. त्यांना न सांगता द्यायचा नाही, म्हणून खाटेपाशी उभी राहून वाचून दाखवलं, मराठीत अर्थ सांगितला.  त्यांनी कागद घेतला, एका घडीच्या दोन घड्या केल्या, सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. घरी जाईपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. सिस्टरशी बोलायचे, शेजारच्या पेशंटशी बोलायचे, मी आले की गप्प. निघताना मेहुण्यांनी मला वाकून हात जोडले आणि ओशाळून म्हणाले, “रागावू नगा बाई. त्याचं दुक लय मोटं हाय.”

त्या महिन्यात मी साताऱ्याला गेले. जेवण झाल्यावर वडील अंगणात बाजेवर बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं.  मी थांबल्यावर ते म्हणाले, “लिहिलंस ते बरोबर लिहिलंस.”

मला हायसं वाटलं. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

“आता त्याच्या गावात काय होईल ते तुला माहीत नाही. फौजेतनं माणूस धडधाकट परत आला की गाव त्याला विचारून कामं करतं. आजारी म्हणून परत आला की पारावर जागा करून देतं. बसा म्हणतं. ते बसा ऐकायला फार जड असतं, पोरी.”

“तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं?”

“मी? कागद घ्यायलाच थांबलो नसतो. रात्रीची गाडी धरून पलटण गाठली असती.” त्यांनी पायाशी पडलेली चप्पल पायानंच सरळ केली. “आणि वाटेत कुठंतरी मेलो असतो.”

आईनं आतून विचारलं, कशाच्या मरणाच्या गोष्टी करताय जेवणं झाल्या झाल्या. 

रुग्णालयातलं माझं काम चालूच राहिलं. हळूहळू दाखल करून घेणारे डॉक्टर स्वतःच हात ठेवून दाखवायला सांगू लागले. डोळ्यांच्या वॉर्डात मोतीबिंदूसाठी आलेली एक म्हातारी सापडली, हाडांच्या वॉर्डात नुसता डावा खांदा दुखतो म्हणून आलेला एक जैन व्यापारी सापडला. दोघंही चालत घरी गेले. खोलीतल्या खाटा आता रिकाम्या राहत नसत. सरांनी पाचवी खाट मागायला सुरुवात केली. हे सगळं चांगलं होतं आणि मला ते चांगलं वाटतही होतं. पण निदान लिहिताना पेन आता पूर्वीसारखं सरसर चालत नसे. आधी मी नजर वर करून माणसाकडं बघायची. हा काय काम करतो, घरी कोण आहे, हे दोन शब्द विचारल्याशिवाय मला पुढं जाता येईना.

वर्ष उलटून गेल्यावर हवालदार ओपीडीत आले. साधा पायजमा, वर लष्करी जर्सी. फूल मिळालं नव्हतं. लष्कराच्या रुग्णालयात त्यांना पुन्हा तपासलं, त्यांनीही तेच निदान केलं, मग काही दिवस कोठारात बसून करायचं काम दिलं आणि हवालदार म्हणूनच पेन्शनीवर घरी पाठवलं. हे त्यांनी सांगितलं नाही, बायकोनं सांगितलं. ते समोर बसून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचे. गोळ्या घेतो. चढ चढत न्हाई. बिडी सोडली. पुढं दर काही महिन्यांनी ते येत राहिले, वेळ चुकवली नाही, आणि प्रत्येक वेळी तसेच बसायचे. एकदा त्यांना बाहेर वजनकाट्याकडं पाठवल्यावर बायको घाईघाईनं म्हणाली, “पेरनीला बियान्याचं पोतं उचलाया गेलं, तर पुतन्यानं हातातनं काडून घेतलं. दोन दिस जेवलं न्हाईत.”

मग एका वर्षी, द्राक्षांचा हंगाम होता, ऊन तापलं होतं. अपघात विभागासमोर एक जीप येऊन थांबली आणि हवालदारांचा आवाज मी आतूनच ओळखला. ते कंपाउंडरला सांगत होते, “नाव-गाव मागनं घ्या. छातीवर दाब हाय, घाम फुटलाय. आदी त्या खोलीत न्या.” मी बाहेर आले. जीपमध्ये मागच्या बाकावर त्यांचे मेहुणे बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून आडवे होते. पटका सुटला होता, चेहरा राखेच्या रंगाचा. वळलेली मूठ छातीवर होती. मी काही विचारलंच नाही.

हवालदार तेव्हा सासुरवाडीला आले होते. मळ्यात त्रास सुरू झाल्याबरोबर त्यांनी त्यांना झोपवलं होतं, चालू दिलं नव्हतं, शेजारची जीप आणून थेट सांगली गाठली होती. घरातली माणसं हळद-ओवा शोधत होती, त्यांना बाजूला सारलं होतं. खोलीत नेल्यापासून आम्हीही कुठं कमी पडलो नाही. पहिल्याच पट्टीवर सगळं दिसलं. फार मोठा झटका होता. ठोके बिघडले नाहीत, ते बिघडले असते तर यंत्र तयार होतं. ठोके पडत राहिले आणि रक्तदाब उतरत गेला. होती नव्हती ती सगळी औषधं दिली. सर स्वतः दुपारभर खाटेपाशी उभे होते. ऊन कलता कलता मेहुणे गेले.

हवालदार व्हरांड्यात कठड्याला टेकून उभे होते. मी जवळ गेले तसं त्यांना कळलं. त्यांनी मान खाली घातली. मग विचारलं, “मी उशीर केला न्हाई न्हवं?”

“नाही. याहून लवकर आणता आलं नसतं.”

“तुमी बी लगीच वळखलं.”

“हो.”

“मंग?”

मला जे माहीत होतं ते मी सांगितलं. हृदयाचा मोठा भाग मेला होता. ठोके बिघडले तर आम्हाला परत लावता येतात, मेलेला स्नायू जिवंत करता येत नाही. ज्याचे नुसते ठोके बिघडतात त्याला आम्ही वाचवतो, ज्याचा एवढा स्नायू मरतो त्याच्यासमोर आमचे हात रिकामे असतात. आणि कुणाचं कसं बिघडणार ते आधी कळत नाही, म्हणून सगळ्यांनाच शोधावं लागतं.

 त्यांनी विचारलं, “त्या दिशी माजं खरंच थांबलं व्हतं?”

“हो.”

“तुमी बगितलं?”

“माझ्या हाताखाली थांबलं होतं.”

त्यांनी वर बघितलं. कागद दिला त्या दिवसानंतर ते पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघत होते. डोळे लाल होते.

“राग गेला न्हाई माजा, ताई,” ते म्हणाले. “खोटं कशाला बोलू. फूल गेलं त्ये गेलं. घरात बसून ऱ्हातो तवा रोज आठिवतं.” त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. “पर आता त्यांच्या बायकूला कोन सांगनार? तुमी का मी?”

“दोघंही जाऊ,” मी म्हणाले.

मेहुण्यांच्या पत्नी जीपच्या सावलीला जमिनीवर बसल्या होत्या, नवऱ्याचा पटका मांडीवर घेऊन, त्याला लागलेली माती बोटानं झाडत. आम्हाला दोघांना पायऱ्या उतरून एकत्र येताना पाहिलं आणि त्यांचं बोट थांबलं. आम्ही काही बोलायच्या आधीच त्यांनी तो पटका तोंडाशी नेला.